चार बोटं कमी

मी एक जुनी पहार आहे, आणि माझ्यामुळे एका घराची वीज अडली होती. मित्रांनो, ही गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसरं कोणी सांगायला बसलं तर ते मला सांभाळून घेईल, "बिचारी लोखंडाची, तिला काय कळतं" असं म्हणेल, आणि मला तसलं बोलणं मुळीच खपत नाही. मला सगळं कळत होतं. बोलता येत नव्हतं, एवढंच.

तुमच्यातल्या काहींनी पहार पाहिलीही नसेल. मी म्हणजे पोलादाचा एक सरळ, आठपैलू दांडा. उभी केली तर मोठ्या माणसाच्या खांद्याला लागेन. एक टोक अणकुचीदार, दुसरं छिन्नीसारखं चपटं. मला लाकडी दांडा नाही, मूठ नाही, चाक नाही, बटण नाही. वजन साडेसहा किलो. कुदळ जिथे नुसती खरचटते आणि फावडं जिथे हात टेकतं, तिथे मला बोलावतात. हा गर्व वाटत असेल तर वाटू द्या.

माझा जन्म एका मोडक्या ट्रकच्या आसातून झाला. तो आस आयुष्यभर ओझी वाहून भंगारात पडला होता. लोहाराने त्याला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर घेतलं आणि दोन दिवस असा काही बडवला की विचारू नका. शेवटी पाण्यात बुडवलं तेव्हा मी अशी काही फुसफुसले की भाता ओढणारा माणूस दोन पावलं मागे सरला. लोहार हसून म्हणाला, "हिचा स्वभाव तिखट आहे. जो घेईल त्याला पुरून उरेल." 

मला घेऊन गेला तो ओळंबा. हे त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. हा माणूस घराघरांपर्यंत पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा नेण्यासाठी जमिनीत चर खणायचा. त्याचा चर इतका सरळ आणि इतका मापात असायचा, की बरोबरच्यांनी त्याला ओळंबाच म्हणायला सुरुवात केली. त्यालाही ते आवडायचं. हाक मारली की मान जरा ताठ व्हायची.

त्याची एक पद्धत होती. त्याने माझ्या अंगावर कानशीने एक खाच पाडली होती, टोकापासून बरोबर अडीच फुटांवर. विजेची तार निदान तेवढी खोल हवी, हा नियम. चर खणून झाला की तो मला तळाशी उभी करायचा. खाच जमिनीच्या बरोबरीला आली की काम झालं. खाच वर दिसली की अजून खणायचं. पट्टी नाही, कागद नाही, डोकं खाजवणं नाही.

पण पहार झिजते, मित्रांनो. दगडावर हजारदा आपटून टोक बोथट होतं, कधी फुटतं. मग लोहाराकडे नेऊन ते कापून, तापवून, ठोकून नवं करावं लागतं आणि दर वेळी मी बोटभर तरी आखूड होते. ओळंबा हे पक्कं जाणून होता. मला लोहाराकडून आणलं की तो चहालाही थांबायचा नाही. उंबऱ्यावर बसायचा, अडीच फुटांची लाकडी काठी माझ्याशेजारी ठेवायचा, जुनी खाच हातोडीने बुजवायचा आणि बोटभर वर नवी पाडायचा. म्हणायचा, "झिजलेली पहार खोटं बोलते. तिचा दोष नाही. आपण तिला पुन्हा खरं करायचं असतं."

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. आम्ही किती घरांना पाणी आणि उजेड दिला, त्याची मोजदाद नाही. एकदा मुकादम स्वतः खाली वाकून चराचा तळ बघत म्हणाला, "याच्यात गोटी सोडली तर सरळ पलीकडे जाईल." ओळंब्याने घरी येऊन ते वाक्य बायकोला तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा तिने भाजी चिरता चिरता त्याच्या अगोदरच पूर्ण केलं. मी दाराआड उभी होते. मलाही ते चौथ्यांदा ऐकायचं होतं.

मग ओळंब्याची पाठ बोलायला लागली. आठ वर्षांपूर्वी त्याने काम सोडलं. शेवटच्या दिवशी मला लोहाराकडून आणलं, खाच पाडली, तेल चोपडलं, गोणपाटात गुंडाळलं आणि मागच्या पडवीत भिंतीशी आडवं ठेवलं. बायकोला आणि लेकीला बजावलं, "हिला कोणी हात लावायचा नाही. माझ्या हातचं माप आहे तिच्यावर."

कौतुक मोठं होतं, पण आडवं पडून राहण्याचं कौतुक पहारीला काय करायचं? पहिल्या चार-सहा महिन्यांतच गोणपाटाला बुरशी आली आणि माझ्या पोटावर तांबूस डाग पडले. उंदीर माझ्यावरून ये-जा करायचे. एवढी पोलादाची मी, आणि उंदरांचा पूल झाले!

मला तिथून सोडवलं मालकिणीने, म्हणजे ओळंब्याच्या बायकोने. ओळंबा रोज सकाळी जुन्या सोबत्यांबरोबर चौकातल्या बाकावर गप्पा ठोकायला जायचा. त्याची पाठ वळली की ही पदर खोचून पडवीत यायची, गोणपाटाची गाठ सोडायची आणि मला परसात न्यायची. तिला झाडं लावायची होती आणि परसातली जमीन म्हणजे नुसता दगड. पेरू, लिंबू, जाईचा वेल, कुंपणाचे खांब, सगळ्यांचे खड्डे आम्ही दोघींनी खणले. परत येताना ती मला पुसायची, तेलाचं बोट फिरवायची आणि गोणपाटाला अगदी नवऱ्यासारखीच गाठ मारायची.

"खड्डे कशाने खणलेस?" तो विचारायचा.

"शेजाऱ्यांची पहार आणली होती."

"शेजाऱ्यांची पहार चांगली दिसते," तो नाक मुरडत म्हणायचा. "पण आपल्या पहारीची सर नाही."

मालकीण पदराने तोंड झाकून स्वयंपाकघरात पळायची. आमची दोघींची अळीमिळी गुपचिळी होती.

त्या दगडांत माझं टोक तीनदा फुटलं. तिन्ही वेळा तिने मला गोणपाटासकट खांद्यावर टाकून लोहाराकडे नेलं. मला पुन्हा धार आली, मी पुन्हा आखूड झाले, तिन्ही वेळा मिळून चार बोटं. नवी खाच मात्र कोणी पाडायची? तिने पाडली असती तर गुपित फुटलं असतं.

आणखी एक गोष्ट होती. ती माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती आणि आजही ती आठवली की मला गंज चढल्यासारखं वाटतं. लोहाराच्या भट्टीपर्यंतचा रस्ता तोच, वजनही तेच, उलट माझं थोडं कमीच. पहिल्या वेळी मालकीण मला एका दमात घेऊन गेली. दुसऱ्या वेळी तिने मला दोनदा खाली ठेवलं. तिसऱ्या वेळी सात वेळा. सातव्या वेळी ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली, माझ्यावर दोन्ही हात टेकले आणि बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "जरा दम लागतो हल्ली. वयाचं आहे."

तो म्हणाला, "हो ना. मलाही जिना चढवत नाही." आणि त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला बायको पूर्वीइतकीच वाटत होती. रोज समोर असलेलं माणूस रोज थोडं थोडं कमी होतं, ते दिसत नाही.

यंदा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. फुप्फुसं थकली होती. पाच आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "घरी नेता येईल, पण श्वासाचं यंत्र लागेल. ते दिवसातले बरेच तास चालू राहायला हवं. घरची वीज भरवशाची आहे का?"

सगळ्या गावाच्या घरांना उजेड देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घराची तार गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबावरून, दोन झाडांमधून, लोंबकळत आली होती. जोराचा वारा सुटला की तुटायची. आजवर ते चालून गेलं. वीज गेली की मालकीण कंदील लावायची आणि म्हणायची, "दिव्याखाली अंधार तो हाच." आता कंदिलावर भागणार नव्हतं. वीज कचेरीने सांगितलं, या गल्लीत वरून तार मिळणार नाही, जमिनीखालून मिळेल. घराच्या भिंतीपासून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चर तुम्ही खणायचा. खोली अडीच फूट, इंचभर कमी चालणार नाही. गुरुवारी आमची माणसं गल्लीत येणार आहेत. चर तयार असेल तर त्याच दिवशी तार टाकू. नाहीतर पुढची पाळी महिन्याने.

आणि मालकीण फोनवर एवढंच म्हणाली, "महिना? अहो, इथे खिडकीतून समोर भिंत दिसते. मला माझा पेरू बघायचाय."

झालं! ओळंबा हट्टाला पेटला. गल्ली अरुंद, खोदायचं यंत्र आत येईना. एवढ्या थोड्या दिवसांत माणसं मिळेनात. तो पडवीत आला, गाठ सोडली आणि मला उभी केली. आठ वर्षांनी त्याचा तळवा माझ्या अंगावर बसला. मी त्या हाताला लगेच ओळखलं. त्याने खाचेवरून अंगठा फिरवला. "आहे," तो म्हणाला. "माझ्या हातची खाच जशीच्या तशी आहे."

मला ओरडावंसं वाटलं. खाच आहे रे बाबा, पण तिच्याखाली चार बोटं नाहीत!

मदतीला लेक आली. ती शिवणकाम करते. दुकान चार दिवस बंद ठेवून ती सोमवारी सकाळी हजर झाली, गळ्यात मोजायची कापडी पट्टी तशीच, काढायची राहून गेलेली. घरापासून पेटीपर्यंत सव्वीस पावलं. ओळंब्याने दोन खुंट्यांना दोरी ताणली, चुन्याने रेघ मारली आणि आम्ही सुरुवात केली. तो पहार चालवायचा, ती फावड्याने माती काढायची. पाठ धरली की तो कडेला बसायचा आणि मला तिच्या हाती द्यायचा. पहिल्या दिवशी ती मला जोर लावून खाली हाणायची आणि तिच्या हातांना फोड आले.

"अगं, पहार मारायची नसते," तो म्हणाला. "उचलायची आणि सोडायची. जड ती आहे, तू नाहीस. तिचं काम तिला करू दे."

मंगळवारी तिला ते साधलं. त्या पोरीच्या हातात गोडवा आहे, मी सांगते. सुईचा हात असूनही तिने मला कधी वाकडं पडू दिलं नाही.

बुधवारी दुपारी शेवटचा टप्पा आला, घराच्या भिंतीशी. तिथे एक मोठा दगड लागला, चराच्या आरपार झोपलेला. ओळंब्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने मला दगडाच्या पाठीवर उभं केलं, वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. खाच जमिनीच्या बरोबरीला आली होती.

"वाचलो! दगड बरोबर मापाखाली आहे. त्याला हात लावायची गरज नाही."

"बाबा, एकदा पट्टीने बघू का?" लेकीने गळ्यातली पट्टी काढली.

तो असा काही दुखावला, की जणू तिने त्याच्या वडिलांना नावं ठेवली. "ती झबली मोजायची पट्टी आहे. चराला चराचं माप. अठ्ठावीस वर्षांत माझी खाच चुकली आहे का कधी?"

लेकीने पट्टी पुन्हा गळ्यात घातली. बाप दमलेला, आई दवाखान्यात. तिने वाद वाढवला नाही. मी चराच्या कडेला पडले होते. त्या संध्याकाळी सव्वीस पावलांचा सरळ, सुरेख, साफ चुकीचा चर बघून ओळंबा खूश होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी अकराला तपासनीस बाई आल्या. डोक्यावर शिरस्त्राण, हातात पोलादी टेप. कोपऱ्यावर तार घेऊन गाडी आणि दोन माणसं उभी. बाईंनी टेप चरात सोडला, पाहिलं, चार पावलं पुढे जाऊन पुन्हा सोडला.

"काका, सत्तावीस इंच भरतात. तीस लागतात."

"तुमचा टेप चुकला असेल."

"टेप पोलादी आहे, काका."

"पहारही पोलादीच आहे!" ओळंब्याचा आवाज चढला. "तुम्ही शाळेत जात होता तेव्हापासून मी याच मापाने चर खणतोय."

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी भिंतीपाशी, दगडावर टेप सोडला. "इथेही सत्तावीसच. तार एवढ्या वर राहिली तर उद्या कोणी झाड लावायला पहार मारेल आणि जिवाला मुकेल. मला सही करता येणार नाही."

झाड लावायला पहार मारेल, हे ऐकून ओळंब्याने वाद सोडला. चुकीच्या खोलीने काय होतं, हे त्याने स्वतःच कित्येक नवख्यांना शिकवलं होतं.

लेकीने विचारलं, "बाई, तुम्ही किती वाजेपर्यंत आहात?"

"गाडी पाचला निघते. तार टाकायला तास लागतो. चारपर्यंत तीस इंच दाखवा, मी सही करते. चार म्हणजे चार." आणि त्या पुढच्या घराकडे गेल्या.

ओळंबा मातीच्या ढिगावर बसला. माझ्याकडे पाहायचा, चराकडे पाहायचा, पुन्हा माझ्याकडे. त्याला पाठदुखीपेक्षा, महिन्याच्या वाटेपेक्षाही वेगळंच काही खात होतं. त्याच्या हातून माप चुकलं होतं. मग त्याला आणखी काय काय चुकीचं वाटायला लागलं असेल, ते तोच जाणे.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. दवाखान्यातून मालकीण. ती रोज साडेअकराला फोन करायची. लेकीने आवाज मोठा करून फोन ढिगावर, माझ्याशेजारी ठेवला.

"झाला का पास?" मालकिणीचा आवाज अडखळत, दोन दोन शब्दांनी येत होता.

"तीन इंच कमी भरला म्हणे," ओळंबा म्हणाला. "अगं, तीन इंच! माझ्या हातून!"

"अहो," मालकीण म्हणाली.

"काय?"

"रागावू नका."

"बोल ना."

"ती पहार... मी लोहाराकडे नेली होती."

"कधी?"

"तीनदा."

ओळंब्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला पुन्हा भट्टीत गेल्यासारखं झालं. "तीनदा? कशाला?"

"टोक फुटलं म्हणून. पेरूचा खड्डा कोणी खणला वाटलं तुम्हाला?"

"शेजाऱ्यांच्या पहारीने!"

"शेजाऱ्यांकडे पहार आहे कुठे!"

लेक फिस्सकन हसली आणि मग तिला हसू आवरेचना. फोनमधून मालकीणही हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली. ओळंबा मात्र हसला नाही. त्याने मला उचललं, आडवं मांडीवर घेतलं आणि टोकावरून बोट फिरवलं.

"ही साडेसहा किलोची आहे," तो हळू म्हणाला. "लोहार काय जवळ आहे? एवढं ओझं घेऊन तुला दम नाही लागला?"

"लागला ना," मालकीण म्हणाली. "पहिल्यांदा नाही. तिसऱ्यांदा सात ठिकाणी बसले."

ओळंब्याचा अंगठा त्या जुन्या खाचेवर थांबला होता. तो म्हणाला, "दोघींचंही माप घ्यायला विसरलो मी."

"ते राहू द्या आता," मालकीण म्हणाली, आणि पोलादाची मी, पण तिचा तो आवाज ऐकून ताठ झाले. "बसून राहू नका. उठा. मला घरी यायचंय."

ओळंबा उठला. लेकीपुढे हात पसरून म्हणाला, "आण ती पट्टी."

लेकीने कापडी पट्टी माझ्या टोकापासून लावली आणि तीस इंचांवर शिलाईच्या निळ्या खडूने रेघ मारली. जुन्या खाचेच्या वर चार बोटं. तिघांनीही ती पाहिली, मी धरून.

मग जे काम झालं ते मी अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पेटीच्या बाजूने सुरुवात केली. मी माती भुसभुशीत करायची, फावडं ती काढायचं, पुन्हा मी. पाणी प्यायला थांबायचं तेही उभ्यानेच. दोन वाजले तेव्हा बावीस पावलं झाली. राहिली भिंतीकडची चार, आणि त्यांत तो दगड.

काल ज्याला हात लावायची गरज नव्हती, त्याच दगडाची आता चार बोटं उडवायची होती. लेकीने मला उचलून सोडलं. ठिणगी उडाली, दगडावर पांढरा ठिपका पडला. वीस वेळा सोडलं, वीस ठिपके. तीन वाजले. तिच्या हातांचे फोड फुटले होते. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, नाही होत."

ओळंबा चराच्या कडेला पालथा झोपला, कान खाली करून. "थांब. हाणू नकोस. चपट्या टोकाने नुसती टेकव. वीत वीत पुढे जा, आणि मला ऐकू दे."

तिने मला उलटं केलं आणि टेकवत गेली. ठण. ठण. ठण. तो मान हलवायचा. ठण. मग एका ठिकाणी, मित्रांनो, माझा आवाज बसका आला. ठक.

"तिथे!" तो ओरडला. "तिथे त्याची शीर आहे, आतली फट. आता टोक लाव. जोर नको. उचल आणि सोड."

तिने उचललं आणि सोडलं. मीही माझं सगळं वजन त्या एका जागेवर टाकलं. हे माझ्यामुळे अडलं होतं, ते मीच सोडवणार होते. मग त्या तीन वेळा कापलेल्या टोकाचं काय व्हायचं ते होवो! बाराव्या वेळी दगडावर केसाएवढी रेघ उमटली. विसाव्या वेळी मी बोटभर आत गेले. मग बाप चरात उतरला, पाठीला न विचारता, आणि दोघांनी मिळून माझ्या वरच्या टोकावर भार दिला. मला वाटलं, मी मोडणार. मी मोडले नाही, वाकले. आणि दगडाचा वरचा थर कडकन आवाज करून सुटला.

चारला दहा मिनिटं कमी असताना बाई आल्या. त्यांनी सहा ठिकाणी टेप सोडला. भिंतीपाशी दोनदा सोडला.

"तीस," त्या म्हणाल्या. "इथे साडेतीस." त्यांनी सही केली आणि जाता जाता म्हणाल्या, "काका, टेप चुकला नव्हता."

"नव्हता, बाई," ओळंबा म्हणाला. "मी चुकलो होतो."

वाळूचा थर पडला, नळीतून तार आली, वर पुन्हा वाळू, वर विटा. पाचला पाच मिनिटं कमी असताना पडवीतला दिवा लागला. भर उजेडात तो दिवा काही फार दिसत नव्हता, पण बापलेक त्याच्याकडे बघत उभेच राहिले.

शनिवारी मालकीण घरी आली. यंत्र खिडकीशी ठेवलं, त्याची लांब नळी तिच्या नाकाशी आली. पेरू बघून झाला आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "खाच पाडली का?"

पाडली होती. ओळंब्याने मला लोहाराकडून सरळ करून आणलं होतं, आणि या वेळी लेकीला बरोबर बसवून, तिच्या पट्टीने मोजून नवी खाच पाडली होती. जुनी मात्र बुजवली नाही. दोन्ही खाचा माझ्या अंगावर आहेत. मधे चार बोटांचं अंतर आहे. येता-जाता त्याला ते दिसतं.

आता मी गोणपाटात नसते. डॉक्टरांनी मालकिणीला रोज थोडं चालायला सांगितलंय. ती दारातून निघते आणि चराच्या बुजवलेल्या मातीच्या कडेने चालते. लेक नळीचं वेटोळं सोडत मागून येते. जिथे मालकिणीला थांबावंसं वाटतं, तिथे ओळंबा मला जमिनीत रोवतो, चरापासून चांगलं हातभर लांब, कारण खाली काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी चार पावलं झाली होती. परवा अकरा. काल हवा दमट होती, नऊच झाली. तेव्हा त्याने मला नवावरच रोवलं. अकरावर रोवून स्वतःची समजूत घातली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, तेल लावा, कोपऱ्यात मानाने ठेवा, ते सगळं छानच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. कधीतरी पट्टी घेऊन जवळ बसा आणि आम्ही किती उरलो आहोत ते बघा. घरातल्या माणसांचंही तसंच करा. ती म्हणतील, "काही नाही, जरा दम लागतो." तुम्ही पान उलटू नका. किती पावलांवर लागतो, ते विचारा.

आता मला थांबायला हवं. दार उघडलंय. मालकिणीने चपला घातल्या आहेत, लेकीच्या हातात नळी आहे, आणि ओळंब्याने एका हाताने मला उचललंय, दुसरा हात बायकोपुढे केलाय. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो मोजायला लागलाय.

"एक!"